अठराव्या पायदानावरचं गाणं

काल संध्याकाळी कामावरून परतताना गाडीत पुन्हा तेच गाणं लावलं. रास्पबेरीजचं 'ओव्हरनाइट सेन्सेशन (हिट रेकॉर्ड)'. घर आलं तेव्हा गाणं संपायला दीड मिनिट बाकी होतं. गराजमध्ये इंजिन बंद केलं आणि शेवटचा ठोका पडेपर्यंत तसाच बसून राहिलो. वीस वर्षांहून जास्त काळ मी हे करत आलोय. या गाण्याबद्दल एकदा मनसोक्त लिहायचं होतं, ते आज लिहितो. पोस्ट मोठी आहे, सवडीने वाचा.

ज्यांना हा बँड माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. रास्पबेरीज अमेरिकेतल्या आमच्या क्लीव्हलंडचा. (मी सांगलीचा, पण पंचवीस वर्षं इथे काढल्यावर 'आमच्या' म्हणायचा हक्क मला आहे असं मी मानतो.) गायक आणि मुख्य गीतकार एरिक कारमेन, गिटारवर वॉली ब्रायसन. 1972 मध्ये त्यांचं 'गो ऑल द वे' बिलबोर्डच्या, म्हणजे अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांच्या, यादीत पाचव्या क्रमांकापर्यंत गेलं. 'गार्डियन्स ऑफ द गॅलक्सी' पाहिलेल्या मुलांनाही ते ओळखीचं वाटेल, त्या चित्रपटाच्या कॅसेटमध्ये ते आहे. या प्रकारच्या संगीताला पॉवर पॉप म्हणतात. हा शब्द 'द हू' या ब्रिटिश बँडच्या पीट टाउनसेंड यांनी 1967 मध्ये वापरला होता. गिटारचा भार रॉकचा आणि चाल मात्र ओठांवर बसणारी, इतकं लक्षात ठेवलं तरी पुरे.

त्या काळात गंभीर रॉकवाले मळकी जीन्स घालून वीस-वीस मिनिटांचे सोलो वाजवत होते. ही मुलं एकसारखे सूट घालून स्टेजवर यायची आणि तीन मिनिटांत गाणं संपवायची. पहिल्या अल्बमच्या कव्हरवर तर असं स्टिकर होतं की ते खरवडलं की रास्पबेरीचा वास यायचा. त्यामुळे अनेकांनी त्यांना शाळकरी मुलींचा बँड ठरवून टाकलं. एकदा शिक्का बसला की बसला. तिसऱ्या अल्बमनंतर 1973 मध्ये डेव्ह स्मॉली आणि जिम बॉनफँटी बाहेर पडले. त्यांच्या जागी बेसवर स्कॉट मॅककार्ल आणि ड्रम्सवर मायकेल मॅकब्राइड आले. 1974 मध्ये चौथा अल्बम निघाला, 'स्टार्टिंग ओव्हर'. अल्बम फारसा खपला नाही आणि पुढच्या वर्षी बँड मोडला. त्याच अल्बममध्ये हे गाणं आहे.

आता गाण्याकडे येतो.

गाणारा एक धडपडणारा गीतकार आहे. सुरुवातीलाच तो सांगतो की हे मी पैशासाठी करत नाही, नावासाठी किंवा दिखाव्यासाठीही करत नाही. मला एक हिट रेकॉर्ड हवी आहे आणि ती रेडिओवर ऐकायची आहे. पुढे तो धंद्याच्या भाषेत बोलायला लागतो. स्टेशनच्या प्रोग्राम डायरेक्टरने गाणं काढून टाकलं नाही तर त्याला 'बुलेट' लागेल, म्हणतो. बिलबोर्डच्या यादीत झपाट्याने वर चढणाऱ्या गाण्याच्या आकड्याला एक खूण करत, ती बुलेट. मग तो स्वतःच्या शब्दांचा हिशेब मांडतो: कुणाला टोचू नये, पण चिमटाही बसावा. हातातले पैसे डेमो, म्हणजे कंपन्यांना ऐकवायची नमुन्याची रेकॉर्डिंग, करण्यात जातात. रात्री लिहीत बसलं की ती न निघालेली रेकॉर्ड त्याच्या डोक्यात वाजत असते.

कागदावर ही एका होतकरू माणसाची तक्रार आहे. तिचं जे झालं ते स्टुडिओत. कारमेन लहानपणी क्लीव्हलंड इन्स्टिट्यूट ऑफ म्युझिकमध्ये शिकलेला आणि त्याची आत्या क्लीव्हलंड ऑर्केस्ट्रात व्हायोला वाजवायची. त्याच्या कानात एका बाजूला रशियन संगीतकार रॅखमॅनिनॉव्ह होता आणि दुसऱ्या बाजूला बीच बॉइज. पुढे 'ऑल बाय मायसेल्फ'मध्ये त्याने रॅखमॅनिनॉव्हच्या दुसऱ्या पियानो कॉन्चर्टोची चाल उचलली, ती सेलीन डिऑनच्या आवाजात आपल्याकडेही घराघरांत पोचली. पण माझ्या मते त्याचं सगळं शिक्षण जर एका ठिकाणी पणाला लागलं असेल, तर ते इथे. गाणं पियानोवर साधेपणाने सुरू होतं आणि हळूहळू आवाजावर आवाज चढत जातात. दहीहंडीचे थर लागताना बघावेत तसं वाटतं. आता हे कोसळणार असं वाटतं आणि तेवढ्यात वर आणखी एक आवाज उभा राहतो. निर्माता जिमी आयेनर. साठच्या दशकातला निर्माता फिल स्पेक्टरने वाद्यांचे थर चढवून आवाजाच्या ज्या भिंती उभ्या केल्या होत्या, तसली भिंत या दोघांनी पॉवर पॉपच्या चौकटीत बांधून दाखवली.

आणि मग ती जागा येते. सगळा वाद्यमेळ एकाएकी आक्रसतो. बेस नाही, खोली नाही, गाणं जणू एखाद्या छोट्या ट्रांझिस्टरमधून येतंय. किरकिरं, बारीक, दूरचं. म्हणजे माणसाचं स्वप्न पूर्ण झालंय! त्याची रेकॉर्ड रेडिओवर लागलीय आणि ती आपण ऐकतोय, त्याला ऐकू येतेय तशीच. काही क्षण तसे जातात आणि पुन्हा पूर्ण आवाज दोन्ही बाजूंनी अंगावर कोसळतो.

इथे मी पहिल्यांदा ऐकताना गाडी रस्त्याच्या कडेला घेतली होती. 2001 ची गोष्ट, रविवारची दुपार, स्थानिक स्टेशनवर जुनी गाणी चालली होती. आधी वाटलं गाडीचा रेडिओ बिघडला. मग कळलं की बिघाड त्यांनी मुद्दाम गाण्यात घातलाय. माझ्याच गाडीतला रेडिओ त्यांनी 1974 मध्ये त्या गाण्यात लिहून ठेवला होता.

एवढ्यावर ते थांबत नाहीत. शेवटाकडे गाणं विझत जातं. संपलं, असं वाटतं. आणि त्या शांततेतून मॅकब्राइडचे ड्रम्स सुटतात. ज्यांनी ढोल-ताशा पथकात उभं राहून ताशाच्या तर्रीनंतर पहिला टोल पोटात झेललाय, त्यांना मी काय म्हणतोय ते लगेच कळेल. मग पुन्हा सगळे आवाज, तीच मागणी, हिट रेकॉर्ड, हिट रेकॉर्ड. पूर्ण गाणं साडेपाच मिनिटांच्या आसपास जातं. तीन मिनिटांच्या जमान्यात रेडिओवर लागावं म्हणून केलेलं, रेडिओबद्दलच असलेलं गाणं, आणि ते इतकं लांब!

लोक म्हणतात, क्लिष्ट आहे. मला ते मान्य आहे, पण यातली प्रत्येक गुंतागुंत मला कामाची वाटते. बारीक आवाज नसता तर मोठ्या आवाजाला अर्थ राहिला नसता. खोटा शेवट नसता तर त्या माणसाची जिद्द नुसती शब्दांत उरली असती. गाणं संपूनसुद्धा तो थांबायला तयार नाही, हे ड्रम्स सांगतात. नुसत्या हुशारीचं गाणं माणूस दोनदा ऐकतो, तिसऱ्यांदा कौतुक करून ठेवून देतो. हे मी शेकडो वेळा ऐकलंय आणि त्या ठोक्याला अजूनही श्वास अडकतो.

हे गाणं बिलबोर्डवर अठराव्या क्रमांकापर्यंत गेलं. त्यावर त्याचे चाहते पन्नास वर्षं हळहळताहेत. पहिल्या क्रमांकाची मागणी करणारं गाणं आणि अठरावा! मी ती हळहळ सोडून दिली आहे. याला कारण आमच्या घरचा रेडिओ.

सांगलीला बुधवारी रात्री आठला रेडिओ सिलोन लागायचं आणि अमीन सायानी यांची गीतमाला, हिंदी चित्रपटगीतांची क्रमवारी, सुरू व्हायची. माझ्या लहानपणी ती सिबाका झाली होती, पण आईच्या तोंडी शेवटपर्यंत बिनाकाच. आवाज यायचा आणि जायचा. बाबा ट्रांझिस्टर खिडकीत धरून उभे राहायचे, कोणत्या कोनात स्टेशन नीट पकडतं ते त्यांना पाठ होतं. कोणतं गाणं कोणत्या पायदानावर यावरून आमच्यात पैजा लागायच्या, आणि सरताज गीताचा बिगुल वाजला की जेवणाची ताटं तशीच राहायची. आज मला त्यातले क्रमांक आठवत नाहीत. खरखरीतून मधेच स्वच्छ होऊन आलेल्या ओळी मात्र आठवतात, आणि त्या वेळचा बाबांचा चेहरा. कारमेनने गाण्यात घातलेली ती किरकिर मला परकी का वाटली नाही, हे मला फार उशिरा कळलं. बारीक आवाज अचानक मोठा होतो, म्हणजे माझ्यासाठी स्टेशन लागतं.

क्लीव्हलंडशी या गाण्याचं नातं आणखी घट्ट आहे. हे रेडिओचं शहर. ॲलन फ्रीड 1951 मध्ये इथल्याच स्टेशनवरून रात्री रिदम अँड ब्लूज वाजवायला लागला आणि रॉक अँड रोल हा शब्द त्याने लोकांच्या तोंडी बसवला. साठच्या दशकात एरी सरोवरापलीकडच्या, कॅनडातल्या विंडसरहून सीकेएलडब्ल्यू या रेडिओ स्टेशनचं पन्नास हजार वॉटचं प्रक्षेपण इथल्या पोरांच्या उशाशी पोचायचं. तो आवाज ऐकत वाढलेल्या मुलानेच असं गाणं लिहावं, यात मला काही नवल वाटत नाही. रॉक संगीतातल्या मानकऱ्यांचं संग्रहालय, रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम, याच शहरात, सरोवराच्या काठावर दिमाखात उभं आहे, आणि त्यात रास्पबेरीज अजून नाहीत. याचा मला राग येतो. पाहुणे आले की मी त्यांना तिथे नेतो, सगळं दाखवतो, आणि बाहेर पडलो की पार्किंगमध्ये हे गाणं लावतो.

आमच्या शेजारी एक निवृत्त गृहस्थ राहतात. आयुष्यभर छापखान्यात मशीनवर काम केलं. गाणं आलं तेव्हा ते सतरा वर्षांचे होते. बेकरीत संध्याकाळची पाळी करून त्यांनी त्याची सिंगल, म्हणजे छोटी तबकडी, विकत घेतली. ते म्हणतात, "या गाण्यातला पोरगा मीच होतो, फक्त मला गाता येत नव्हतं." त्यांचा तेव्हा गल्लीतल्या मुलांचा बँड होता, हे मला आठ वर्षांनी कळलं. तशी माणसं या गाण्याच्या चाहत्यांत पुष्कळ भेटतात. कुणी पोस्टमन, कुणी गणिताचे मास्तर, आणि प्रत्येकाच्या माळ्यावर एक गिटार. ज्यांना कधीतरी काहीतरी बनवावंसं वाटलं आणि ते कुणीतरी ऐकावं असंही वाटलं, त्यांना हे गाणं सुटत नाही. ज्यांची मागणी पूर्ण झाली त्यांनाही सुटलं नाही म्हणा. जॉन लेननचा रास्पबेरीजचा टी-शर्ट घातलेला फोटो आहे. ब्रूस स्प्रिंगस्टीन यांनी या बँडच्या लाइव्ह अल्बमसाठी मनापासून टिपण लिहून दिलं.

26 नोव्हेंबर 2004 ला मूळचे चौघे इथल्या हाउस ऑफ ब्लूजमध्ये पुन्हा एकत्र आले. थँक्सगिव्हिंगच्या दुसऱ्या दिवशी. मी तेव्हा भारतात होतो, आणि तो कार्यक्रम चुकल्याचं दुःख मला आजही आहे. शेजारचे काका गेले होते. स्टुडिओत एकावर एक चढवलेले थर स्टेजवर चौघांना झेपणारे नव्हते, म्हणून सोबतीला आणखी तिघं घेतले आणि त्या तिघांचं नाव ठेवलं 'द ओव्हरडब्ज'. (स्टुडिओत आधीच्या रेकॉर्डिंगवर नवा आवाज चढवणं म्हणजे ओव्हरडब.) मला हे फार आवडतं. सोपं करून, दोन आवाज कापून वाजवता आलं असतं. त्यांनी माणसं वाढवली, गाणं कमी केलं नाही. काका सांगतात की ड्रम्सच्या जागी आख्खं सभागृह आधीच हात वर करून उभं होतं. खोटा शेवट तिथे कुणालाच फसवू शकला नाही.

2024 च्या फेब्रुवारीत अमीन सायानी गेले. तीनेक आठवड्यांनी, 11 मार्चला, एरिक कारमेन गेल्याची बातमी आली. वय 74. माझ्या कानाची दोन टोकं एका महिन्यात गेली. आईला सांगलीला फोन केला तर ती सायानींबद्दलच बोलत राहिली, आणि मी कारमेनचं नाव न काढता ऐकत राहिलो.

त्या संध्याकाळी काकांनी गराजचं दार उघडलं, जुने मोठे स्पीकर बाहेर ओढले आणि ती बेकरीच्या पैशांची सिंगल लावली. थंडी मी म्हणत होती. मी कोट चढवून गेलो. बारीक आवाजाची जागा आली तेव्हा ते स्पीकरकडे किंचित झुकले, बाबा खिडकीत झुकायचे तसे. रस्त्यावरून एक तरुण मुलगी कुत्र्याला फिरवत चालली होती. ती थांबली, ऐकू लागली. गाणं विझलं तशी तिने आमच्याकडे बघून हात हलवला आणि चालू लागली. काकांनी माझ्याकडे बघून एक बोट वर केलं, थांब. ड्रम्स सुटले. ती चार घरं पुढे गेली होती, तिथूनच वळली आणि धावत परत आली.