बिग स्मोकची गद्दारी आकाशातून पडली नाही

‘जीटीए सॅन अँड्रियास’ या व्हिडिओ गेममधली, नायक सीजेचा गँगमधला मित्र बिग स्मोक याची गद्दारी कसलाही सुगावा न देता मध्येच चिकटवली आहे आणि भ्रष्ट पोलीस टेनपेनीने सीजेला जिवंत सोडणं हा तर सरळसरळ प्लॉट होल, म्हणजे कथेतली विसंगती, असं जो तो ठोकून देतो. गेम २००४ चा आहे, तेव्हा स्पॉयलरची तक्रार ऐकून घेणार नाही.

सुगावा नाही? ग्रोव्ह स्ट्रीट या सीजेच्या गँगचा जुना माणूस आयडलवूडमध्ये, ऐन बॅलाज या शत्रू गँगच्या इलाक्यात, घर घेऊन राहतो. पैसा मावशीचा, म्हणे! त्याच घरातून टेनपेनी आणि त्याचा साथीदार पोलीस पुलास्की बाहेर पडताना सीजे बघतो आणि स्मोक काहीतरी सांगून वेळ मारून नेतो. सगळ्यात बोलका प्रसंग ड्राइव्ह-थ्रूचा. बॅलाजची गाडी गोळ्या झाडत निघून जाते, सीजे तिच्या मागे लागतो, त्याचा भाऊ स्वीट आणि गँगमधला रायडर खिडकीतून फायरिंग करतात. स्मोक? खातोय. त्याच्या लांबलचक ऑर्डरवर आपण इतके हसतो, की त्याने बंदूक उचललीच नाही हे लक्षातच येत नाही. पुरावा विनोदाआड दडवलाय, आणि मस्त दडवलाय.

ट्रेनच्या मिशनमध्ये सीजे बाइक चालवतो आणि मागे बसून गोळ्या झाडणारा स्मोक मुद्दाम नेम चुकवतो, हा दुसऱ्या टोकाचा दावाही फोल. बाइक ट्रेनच्या उजवीकडून, जरा अंतर राखून पळवा. हाच स्मोक ट्रेनवरच्या वागोस गँगवाल्यांना पटापट टिपतो.

आता टेनपेनी. सीजेच्या डोक्यावर पोलीस अधिकाऱ्याच्या खुनाचा आळ टांगलेला, पुढे भाऊ तुरुंगात. असा फुकटचा गडी कोण मारून टाकेल? चिलियाड डोंगरावरच्या साक्षीदाराला उडवणं, सरकारी वकिलाच्या गाडीत ड्रग्ज ठेवणं, ही घाण तो सीजेकडूनच उपसून घेतो. आणि ‘मारत नाही’ म्हणणाऱ्यांनी ‘हाय नून’ हे मिशन स्किप केलं होतं का? हवी ती फाइल हातात पडताच टेनपेनी निघून जातो आणि सीजेला वाळवंटात पुलास्कीच्या बंदुकीसमोर खड्डा खणायला लागतो.

खरा घोळ रायडरचा आहे, जो पुढे गद्दारच निघतो. ज्या गँगला विकायचं, तिच्यासाठीच तो आधी नॅशनल गार्डची हत्यारं पळवायला जातो. का? स्मोक निदान मरताना पैसा आणि सत्ता डोक्यात गेल्याचं कबूल करतो. रायडरला पिअर ६९ या धक्क्यावर पळताना मारून टाकलंय, आपली बाजू मांडायला एक धड सीनही दिलेला नाही. लेखकांना धारेवर धरायचंच असेल तर इथे धरा.