हेडरेस्टच्या भरवशावर राहू नका

पावसाळा लागला, पुलांवरून पाणी वाहू लागलं की व्हॉट्सॲपवर एक मेसेज हमखास फिरतो: ‘कारचा हेडरेस्ट निघतो तो काच फोडण्यासाठीच. अडकलात तर हेडरेस्ट उपसा, त्याच्या दांड्याने काचेच्या मधोमध जोरात मारा, कुठलीही काच फुटेल. नाहीच जमलं तर गाडीत पाणी भरू द्या, दार आपोआप उघडेल.’ पाठवणाऱ्याच्या मनात काळजीच असते, पण यातली शेवटची सूचना जिवावर बेतू शकते आणि आधीच्याही धड नाहीत.

‘हेडरेस्ट काच फोडण्यासाठीच निघतो.’ हेडरेस्ट मानेसाठी असतो. मागून धडक बसली की धड सीटबरोबर पुढे जातं, डोकं मागे राहतं आणि मानेला जबर हिसका बसतो. अमेरिकेत १९६९ पासून पुढच्या सीटना तो सक्तीचा झाला तो याचसाठी. उंची कमीजास्त करता यावी म्हणून दांड्यांना खाचा असतात. कित्येक गाड्यांत तर तो सीटलाच जोडलेला असतो, निघतच नाही.

‘मधोमध जोरात मारा.’ इथे काच समजून घ्यायला हवी. बाजूच्या खिडकीची काच सहसा टफन्ड असते. ती ६०० अंश सेल्सिअसच्या वर तापवतात आणि हवेच्या झोताने झटकन गार करतात. बाहेरचा थर आधी घट्ट होतो, आतला नंतर आकसू पाहतो. त्यामुळे पृष्ठभाग कायमचा दाबाखाली राहतो आणि गाभा ताणाखाली. काच फुटते ती ताणाने: तिच्यावरच्या डोळ्यांना न दिसणाऱ्या चिरा ताण पडला की पसरतात, हे ए. ए. ग्रिफिथ यांनी १९२१ च्या निबंधात मांडलं. टफन्ड काचेत त्या चिरा दाबामुळे मिटलेल्या राहतात, म्हणून ती साध्या काचेच्या साधारण चौपट मार सोसते. पण एखादी चीर तो थर भेदून गाभ्यापर्यंत पोचली, की आत कोंडलेली ऊर्जा सुटते. चीर सेकंदाला सुमारे दीड किलोमीटर वेगाने फाटे फोडत धावते आणि अख्ख्या काचेची खडीसाखर होते.

म्हणून जोरापेक्षा टोक महत्त्वाचं. दांड्याचं टोक बोथट, त्यामुळे मार पसरतो आणि मधोमध काच लवून तो पचवते. टंगस्टन कार्बाइडसारखं काचेहून कठीण, अणकुचीदार टोक हवं आणि घाव कोपऱ्याजवळ हवा, कारण तिथे काच कमी लवते. दांडा दाराच्या फटीत खुपसून तरफेसारखा ओढला तर काच फुटू शकते, हे मान्य. कडा नाजूकच असते. पण अंधारात, कमरेभर पाण्यात, घाबरलेल्या माणसाला ते साधेल यावर मी कुणाचा जीव टांगणार नाही.

‘कुठलीही काच फुटेल.’ साफ चूक. पुढची काच लॅमिनेटेड असते: दोन काचांमध्ये चिवट प्लॅस्टिकचा पडदा. तिला जाळ्यासारखे तडे जातात, पण ती जागची हलत नाही. आता काही गाड्यांच्या बाजूच्या काचाही तशाच येतात. अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशनने २०१९ मध्ये काच फोडण्याची सहा साधनं तपासली. टफन्ड काच चारांनी फोडली, लॅमिनेटेड एकानेही नाही. बहुतेक काचांच्या कोपऱ्यात प्रकार छापलेला असतो. आजच खाली जाऊन वाचा.

‘पाणी भरू द्या.’ हे कृपा करून कुणालाही सांगू नका. एक मीटर खोलीवर पाण्याचा दाब चौरस मीटरला सुमारे एक टन असतो. दारावर सरासरी अर्धा मीटर पाणी चढलं तरी जवळपास चारशे किलोंचा भार बाहेरून रेटत असतो. आतबाहेरचा दाब सारखा होईपर्यंत श्वास घ्यायला हवा उरलेली नसते. कॅनडातल्या मॅनिटोबा विद्यापीठाचे गॉर्डन गिसब्रेख्त यांनी माणसं बसवून गाड्या पाण्यात सोडल्या आणि तपासलं. गाडी साधारण अर्धा ते दोन मिनिटं तरंगते, सुटायची वेळ तीच. दाराच्या नादी लागू नका. पट्टा सोडा, खिडकी उघडा, मुलांना आधी बाहेर काढा, मग स्वतः निघा. पॉवर विंडो सुरुवातीला बहुधा चालते. पाणी काचेपर्यंत चढलं की मात्र काच दाबामुळे खाचेत अडकते.

काच फोडायचं साधन घ्यायचंच असेल तर स्प्रिंगचं घ्या, म्हणजे काचेवर दाबलं की आतली स्प्रिंग टोक काचेवर आदळते ते. ऑटोमोबाइल असोसिएशनच्या चाचणीत अशी साधनं हातोड्यांपेक्षा सरस ठरली, आणि पाण्यात हातोडा फिरवताही येत नाही. पट्टा लावलेला असताना हात पोचेल अशा ठिकाणी ते घट्ट अडकवा.