‘अहो बाई’ला उत्तर

टिळक-आगरकरांवरच्या लेखाला आपली प्रतिक्रिया मिळाली. दोनदा वाचली, कारण पहिल्यांदा ‘अहो बाई’च्या पुढे जाताच येईना.

आधी चूक कबूल करते. आगरकरांनी ‘केसरी’ १८८७ साली सोडला, मी १८८८ लिहिलं होतं. ते ‘सुधारक’ निघाल्याचं साल. दुरुस्ती केली आहे, आभार. पण एक साल चुकलं म्हणून ‘ऐकीव माहितीवर दुकान चालवणाऱ्या’ म्हणायचं, ही कुठली रीत?

आपण लिहिता, ‘डोंगरीच्या तुरुंगातले १०१ दिवस सगळेच सांगतात, पुढचं वैर कुणी सांगत नाही. आणि विरोधकाचं ऐकून घ्या म्हणता, तुम्ही स्वतः कधी कुणाचं ऐकलंय?’

वैर होतंच. पुण्यात आगरकरांची जिवंतपणी प्रेतयात्रा निघाली, हे काय मला माहीत नाही? तरी १८९५ च्या जूनमध्ये आगरकर गेले, तेव्हा ‘केसरी’त त्यांच्यावर मृत्युलेख टिळकांनीच लिहिला. असो.

आता माझं. माझे वडील शाखेतले, मामा सेवादलातला. आणीबाणीत दोघंही येरवड्यात होते. आई दोघांसाठी एकच डबा न्यायची आणि परत येताना दोघांचीही एकमेकांविरुद्ध गाऱ्हाणी घेऊन यायची. मामा तुरुंगाधिकाऱ्याला अर्ज लिहायचा, वडील त्यातले ऱ्हस्व-दीर्घ सुधारायचे. वर म्हणायचे, ‘मजकूर भिकार आहे, पण निदान शुद्ध तरी जाऊ दे.’

सुटून आल्यावर मामा नगरपालिकेला उभा राहिला. वडिलांनी घरोघरी जाऊन त्याच्याविरुद्ध प्रचार केला आणि मतदानाच्या दिवशी त्याच्या पोरांना पोहे आमच्याच घरून गेले. मामा सतरा मतांनी पडला. त्या भाऊबीजेला आमच्या ओट्यावर जे भांडण झालं, ते मी दाराआडून ऐकलंय. आठ वर्षांची होते. वडिलांचा चष्मा मामाने रागारागाने उचलला आणि निघताना, काच पुसून, परत कोनाड्यात ठेवला. दोघांपैकी कुणाचंच मत शेवटपर्यंत तसूभर हललं नाही. पण तो चष्मा पुसणारा हात मी पाहिलाय. मला ‘कधी ऐकलंय का’ विचारता? माझं बालपण दुसरं काही ऐकण्यात गेलेलं नाही.

तुम्ही कुठल्या ओट्यावर वाढलात ते प्रतिक्रियेवरून कळत नाही. अंदाज मात्र येतो.

राहिला तुमचा शेवटचा परिच्छेद. हे सगळे वाद एकाच पंगतीत बसणाऱ्यांचे, ज्याला १९२७ साली महाडच्या तळ्यावर पाणी प्यायल्याबद्दल मार बसला त्याने कुणाच्या ओट्यावर बसून मन मोकळं ठेवायचं, वगैरे. तो पूर्ण वेगळा विषय आहे. माझा लेख त्याबद्दल नव्हताच. सवडीने लिहीन कधीतरी. आणि कुठलाही विषय निघाला की महाडवर नेऊन ठेवायची ही सवयही आता ओळखीची झाली आहे.

विरोधी मताला इथे जागा आहे, हे तुमच्या लक्षात यावं म्हणून तुमची प्रतिक्रिया काढलेली नाही. फक्त ‘ढोंगी’ हा शब्द आणि तो शेवटचा परिच्छेद गाळला आहे, फार लांबला होता.