‘मुलांसाठी हॅमस्टरच का?’ या मेसेजला एक चिडकं उत्तर

‘मुलांसाठी पहिला पाळीव प्राणी: हॅमस्टरच का?’ अशा मथळ्याचा एक मेसेज सध्या ग्रुपाग्रुपांतून फिरतोय. सात मुद्दे, प्रत्येकाला एक हसरी इमोजी, सोबत फोटो आणि एक छोटा व्हिडिओ. आधी दोन-तीनदा आला तेव्हा मी तो न वाचताच पुढे गेले. परवा मात्र ताईने पाठवला. खाली एक ओळ होती: “चिन्यासाठी घेऊन टाकू का गं? एवढासा तर असतो.” चिन्या सहा वर्षांचा आहे. आणि ताई ‘घेऊन टाकू का’ विचारते तेव्हा निम्मं ठरलेलं असतं, हे मला ठाऊक आहे. म्हणून बसून लिहिते आहे. मी हॅमस्टर पाळलेत, उंदराच्या वर्गातला तो छोटा प्राणी मला फार आवडतो, आणि चिडचिड नेमकी त्यामुळेच होते आहे.

मुद्दे क्रमाने घेत नाही. सगळ्यांत जास्त नुकसान करणारा आधी.

दुसरा मुद्दा म्हणतो: “छोटा प्राणी, छोटा पिंजरा. ४० बाय ३० सेंटीमीटर भरपूर झाला, अभ्यासाच्या टेबलावर मावतो.” सोबतचा व्हिडिओ याच मुद्द्याखाली आहे. पिंजऱ्यातला हॅमस्टर मागच्या पायांवर उभा राहून गज चावतोय आणि खाली लिहिलंय, “बघा, दार उघडायला सांगतोय!” तो व्हिडिओ आवाज चालू करून नीट बघा. गज दातांत धरून तो तोंड एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे ओढत नेतो. करर्र, करर्र. थांबतो, खाली उतरतो, एक फेरी मारतो आणि परत त्याच कोपऱ्यात, त्याच गजाशी. नाकाच्या वरच्या भागावरचे केस झिजलेले दिसतात. ही काही एका दिवसाची गंमत नव्हे. कोंडलेल्या जनावराला लागलेला हा चाळा आहे, आणि त्याला गोड म्हणून सात मुद्द्यांच्या यादीत जाहिरातीसारखं लावलंय.

हे माझं मत म्हणून सोडून देऊ नका. स्वित्झर्लंडमधल्या बर्न विद्यापीठातल्या संशोधकांनी बरोबर याच गोष्टीवर प्रयोग केलेत. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात सोनेरी हॅमस्टरचे (घरात पाळली जाते ती नेहमीची जात) तीन गट होते. एका गटाच्या पिंजऱ्यात १० सेंटीमीटर भुसा, दुसऱ्याच्या ४०, तिसऱ्याच्या ८०. दहा सेंटीमीटरवाले गज सगळ्यांत जास्त कुरतडत होते आणि चाकावरही जास्त धावत होते. ऐंशी सेंटीमीटरवाल्यांत गज कुरतडणं आढळलंच नाही. का, ते कळायला फार डोकं लागत नाही. हा मुळात बीळ खणून राहणारा प्राणी. रानातली त्याची बिळं साधारण अर्धा मीटर, कधी मीटरभर खोल असतात. त्याला खणायला जागा दिली की तो खणतो. नाही दिली की ते दात आणि ती ताकद गजावर निघते.

पुढच्याच वर्षी त्याच गटाने पिंजऱ्याच्या आकारावर काम केलं. चार आकार घेतले, १,८०० चौरस सेंटीमीटरपासून १०,००० पर्यंत. गज कुरतडणं सगळ्याच आकारांत दिसलं, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण लहान पिंजऱ्यांत ते जास्त वेळा आणि जास्त वेळ चालायचं. आता मेसेजमधल्या ४० बाय ३० चा गुणाकार करा. १,२०० येतात. म्हणजे प्रयोगातला जो सगळ्यांत वाईट पिंजरा होता, त्याच्याही दोन तृतीयांश जागेला हा मेसेज ‘भरपूर’ म्हणतोय! जर्मनीतली प्राणीकल्याणासाठी काम करणाऱ्या पशुवैद्यांची संघटना एका हॅमस्टरसाठी किमान १०० बाय ५० सेंटीमीटर जमीन, ५० सेंटीमीटर उंची आणि किमान २० सेंटीमीटर भुसा सांगते. किमान, बरं का. अभ्यासाच्या टेबलावर हे ठेवलं तर अभ्यास जमिनीवर करावा लागेल.

चाकाचंही तेच. पिंजऱ्याबरोबर जे इवलंसं चाक फुकट येतं त्यात सोनेरी हॅमस्टरची पाठ धनुष्यासारखी वाकते. धावताना पाठ सरळ राहील एवढं मोठं हवं आणि पळायची जागा सलग हवी. गजांच्या चाकात पाय अडकून मोडतात. आणि ते प्लास्टिकचे पारदर्शक चेंडू, ज्यात हॅमस्टरला कोंडून घरभर घरंगळत सोडतात, ते आणूच नका. त्यात त्याला वास लागत नाही, थांबता येत नाही आणि फटींत बोटं अडकतात.

आता तिसरा मुद्दा, जो वाचून मी फोन बाजूला ठेवला: “एकटा हॅमस्टर उदास होतो, म्हणून नेहमी जोडी घ्या.”

नाही. सोनेरी हॅमस्टर वयात आला की एकट्याने राहतो, आणि जवळ दुसरा ठेवला तर भांडतो. नुसतं फिस्कारून थांबत नाही, एकमेकांना फाडतात, कधी एक मरेपर्यंत. विक्रीच्या ठिकाणी एका खोक्यात दहा-बारा जण एकमेकांवर झोपलेले दिसतात, कारण ती पिल्लं असतात. काही आठवड्यांत चित्र पालटतं, आणि तोवर ती तुमच्या घरी आलेली असतात. नर-मादी आली तर आणखी वेगळा प्रकार. गर्भ अवघा सोळा दिवसांचा. तुम्हाला पत्ता लागायच्या आत घरट्यात पिल्लं, आणि घरट्याला हात लावला, आई घाबरली, तर ती स्वतःची पिल्लं मारते, खातेही. ही अफवा नव्हे. आज पाळले जाणारे बहुतेक सगळे सोनेरी हॅमस्टर ज्या एका कुटुंबातून आले, ते १९३० साली प्राणिशास्त्रज्ञ इस्रायल अहारोनी यांनी सीरियातल्या अलेप्पोजवळ शेतातलं बीळ खणून पकडलं होतं. त्या पकडलेल्या मादीने जवळ आलेलं पिल्लू तिथल्या तिथे मारलं, असं त्यांनीच नोंदवलंय. सहा वर्षांच्या पोराला सकाळी उठल्यावर हे दाखवायचंय का?

बुटक्या जातींपैकी काही एकत्र राहू शकतात, हे खरं. पण त्यांच्यातही भांडणं होतात, आणि झाली तर दुसरा पिंजरा लागतो. मेसेजात जातींचा उल्लेखच नाही. त्याच्या लेखी हॅमस्टर म्हणजे हॅमस्टर.

चौथा मुद्दा: “मुलांना हातात घेऊन मनसोक्त खेळता येतं, अजिबात चावत नाही.” इथे फोटो आहे, ‘हसणारा हॅमस्टर’. पाठीवर उताणा, तोंड उघडं, पुढचे पिवळे दात दिसतायत. अहो, तो हसत नाहीये, तो प्रचंड घाबरलाय! पळायला वाव उरला नाही की हॅमस्टर असाच उताणा पडून दात दाखवतो, वर किंचाळतो. पुढची पायरी चावण्याची असते.

आणि मनसोक्त खेळणार कधी? हा प्राणी दिवसा झोपतो. मूल दुपारी-संध्याकाळी घरी येतं तेव्हा याची गाढ झोप चालू असते. झोपेतून उचललेला हॅमस्टर आधी दात वापरतो, मग डोळे उघडतो. डोळ्यांनी त्याला दिसतंही बेताचंच. वासावर सगळं चालतं, त्यामुळे खाऊन न धुतलेलं बोट म्हणजे त्याला खाऊच वाटतो. बोटाला दात लागले की मूल हात झटकतं, आणि उभ्या माणसाच्या हातातून खाली पडलेल्या एवढ्याशा जिवाचा पाय किंवा कणा जातो. यात चूक ना मुलाची, ना हॅमस्टरची. हात लावायचाच असेल तर मुलाने जमिनीवर मांडी घालून बसायचं, मोठ्या माणसाने शेजारी बसायचं, हॅमस्टर स्वतः जागा झाल्यावर, आणि तो हातावर चढला तरच. बऱ्याच मुलांना यात पाच मिनिटांत कंटाळा येतो. तेही साहजिक आहे.

पाचवा मुद्दा, “कुठलाही आजार पसरत नाही”, हा सरळ खोटा. उंदीरवर्गातल्या पाळीव प्राण्यांकडून माणसांना साल्मोनेला या जुलाब करणाऱ्या जिवाणूची लागण होऊ शकते, एलसीएम नावाचा विषाणूही येऊ शकतो, आणि तो गरोदर बाईच्या पोटातल्या बाळाला घातक ठरतो. अमेरिकेची रोगनियंत्रण संस्था सीडीसी पाच वर्षांखालच्या मुलांसाठी हे प्राणी नकोत असंच सांगते. घाबरून जायची गरज नाही, हात साबणाने धुतले की बरंच भागतं. पण सहा वर्षांचं मूल दर वेळी हात धुतं, असं मानणाऱ्याने घरात मूल बघितलेलं नाही.

सहावा: “आयुष्य दोन-तीन वर्षांचंच, त्यामुळे फार अडकून पडावं लागत नाही.” आकडा बरोबर आहे. पुढचं वाक्य वाचून लिहिणाऱ्याला समोर बसवून दोन शब्द ऐकवावेसे वाटतात. लहान पिल्लांना एक जुलाबाचा आजार होतो, शेपटीखालचा भाग ओला दिसतो, आणि दोन-तीन दिवसांत खेळ संपू शकतो. तेव्हा त्याच दिवशी प्राण्यांच्या डॉक्टरांकडे, तेही लहान प्राणी बघणाऱ्या, धावावं लागतं. आणि जाता जाता: फार थंडीत सोनेरी हॅमस्टर कधीकधी गारठून शीतनिद्रेत जातो, अंग थंड, श्वास जेमतेम. मेला समजून पुरायची घाई करू नका, आधी खोली हळूहळू ऊबदार करून वाट बघा.

उरले पहिला आणि सातवा, “देखभाल शून्य” आणि “मुलाला जबाबदारी शिकवतो”. दोन्ही एकाच यादीत कसे बसतात? देखभालच नसेल तर जबाबदारी शिकायची कशातून? पण अर्धं खरं आहे ते मान्य करते, थोडं नाइलाजाने. हॅमस्टर भुंकत नाही, फिरायला न्यावा लागत नाही, आणि तो जागा होतो तेव्हा ऑफिसातून आलेली मोठी माणसंही घरीच असतात. दोन्ही गालांच्या पिशव्या खांद्यांपर्यंत फुगेस्तोवर दाणे भरून बिळात जाऊन रिकामे करणारा हॅमस्टर बघणं ही खरोखर मजा आहे, आणि मूल ते बघत तासभर शांत बसू शकतं. दहा-बारा वर्षांचं समजूतदार मूल असेल, बघण्यात रमणारं असेल, तर मी आनंदाने हो म्हणेन.

ताईला मी नाही म्हटलेलं नाही. एवढंच सांगितलं की हॅमस्टर घेतलास तर तो तुझा. पाणी, ओला कोपरा रोज काढणं, लपवलेला भाजीचा तुकडा कुजायच्या आत शोधणं, डॉक्टर, सगळं तुझ्याकडे. चिन्याने मदत केली तर उत्तम. एकच घे, मोठी काचेची टाकी आधी आण, ती जाळीच्या झाकणाची असू दे, आणि भुशाचं पोतं आणताना सुवासिक देवदार-पाइनचा भुसा आणि कापसासारखी मऊ गादी दोन्ही टाळ, कापसाचे धागे पायांना गुंडाळतात आणि पोटात अडकतात. हे सगळं ऐकून ती म्हणाली, “मग मासे?” त्यावर वेगळं लिहावं लागेल.

मेसेजच्या तळाशी ‘किमान दहा पालकांना पाठवा’ असं आहे. पाठवायचाच असेल तर निदान दुसरा आणि तिसरा मुद्दा खोडून पाठवा.