‘थँक्यू म्हण’ शिकवून मैत्री होत नाही

विकासात्मक अक्षमता असलेल्या लहान मुलांना ‘सोशल स्किल्स’ शिकवायच्या नावाखाली जे चालतं, ती बरीचशी शिष्टाचारांची घोकंपट्टी असते, असं माझं स्पष्ट मत आहे. इकडे बघ. हॅलो म्हण. थँक्यू म्हण. सॉरी म्हण. मूल ते सगळं म्हणतं, मोठी माणसं खूश होतात आणि मधल्या सुट्टीत तेच मूल कडेला एकटं उभं असतं. चार-पाच वर्षांच्या पोरांची गट्टी थँक्यू म्हटल्याने जमत नाही. ती एकमेकांच्या खेळात घुसल्याने जमते.

मी विशेष शिक्षिका आहे, दिवस याच वयाच्या मुलांत जातो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

वर्षाच्या आसपासचं मूल विमान दिसलं की बोट दाखवतं आणि लगेच वळून आपल्या तोंडाकडे बघतं. त्याला विमान नको असतं, आपण दोघांनी मिळून ते बघावं एवढंच हवं असतं. थेरपिस्ट याला जॉइंट अटेन्शन म्हणतात. भाषा, खेळ, मैत्री या सगळ्याची मुळं इथे आहेत. ऑटिझम (स्वमग्नता) असलेल्या बऱ्याच मुलांत हे उशिरा येतं किंवा निराळ्या पद्धतीने दिसतं. ते वाढवायचं तर आधी मूल जिथे रमलंय तिथे आपण जायचं. ते गाडी उलटी करून चाक फिरवत बसलंय? शेजारी बसून दुसऱ्या गाडीचं चाक फिरवा. ‘अशी नाही, सरळ चालव’ म्हणू नका. थोड्या वेळाने ते तुमच्या चाकाकडे चोरून बघेल. संवाद सुरू झालाय, फक्त त्यात शब्द नाहीत.

मग थांबा. हे सगळ्यात अवघड, आणि मुलांपेक्षा आपल्यालाच अवघड. सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या दोषामुळे स्नायूंवर नीट ताबा नसणं) असलेल्या मुलाला उत्तर माहीत असलं तरी ओठ, मान, हात जुळवून आणायला वेळ लागतो. डाउन सिंड्रोम (जन्मतःच एक गुणसूत्र जास्त असणं) असलेल्या मुलांना बहुधा बोलता येतं त्यापेक्षा कितीतरी जास्त कळत असतं. आपण मात्र दोन सेकंदांत प्रश्न पुन्हा विचारतो आणि चौथ्या सेकंदाला उत्तरही आपणच देऊन टाकतो. मनात सावकाश दहापर्यंत आकडे मोजा. खाणाखुणा, चित्रांची कार्डं, टॅबलेट, जे जमेल त्याने मुलाला उत्तर देऊ द्या. अशा साधनांमुळे मूल बोलायचं थांबतं ही भीती निराधार आहे, संशोधनात तसं आढळलेलं नाही.

‘जा, त्यांच्यात खेळ जा’ म्हणत मुलाला ढकलणं तर मला बघवत नाही. अमेरिकन संशोधक मिल्ड्रेड पार्टन यांनी 1932 मध्ये लहान मुलांच्या खेळाच्या पायऱ्या मांडल्या: एकट्याने खेळणं, दुरून बघणं, शेजारी बसून आपापलं खेळणं आणि मग कुठे मिळून खेळणं. म्हणजे दुरून बघत उभं असलेलं मूल काही शिकत नाहीये, असं नव्हे. त्याला शेजारी बसून खेळायची पायरी गाठायला मदत करा. एकाच टेबलावर दोघांना ठोकळे द्या, किंवा खेळण्यातल्या आगगाडीचे रुळ एकाकडे आणि डबे दुसऱ्याकडे ठेवा. गरज पडली की ती एकमेकांकडे वळतात.

आता मूळ मुद्दा. सगळी मेहनत एकट्या त्याच मुलाने का करायची? स्वतः ऑटिस्टिक असलेले ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ डेमियन मिल्टन यांनी 2012 मध्ये मांडलं की न समजणं हे दोन्ही बाजूंनी असतं: ऑटिस्टिक माणसाला इतर कळत नाहीत, तसा इतरांनाही तो कळत नाही. 2020 मध्ये संशोधक कॅथरिन क्रॉम्प्टन आणि सहकाऱ्यांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. एकाने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला अशी गोष्ट पुढे सांगायची. फक्त ऑटिस्टिक माणसांच्या साखळीत गोष्ट इतरांच्या साखळीइतकीच नीट पोचली. मिश्र साखळीत जास्त तपशील गळले. प्रयोग मोठ्या माणसांवरचा होता हे खरं, पण बालवर्गात उभं राहून बघा, तेच दिसतं.

म्हणून वर्गातल्या इतर मुलांना शिकवा. समोर जाऊन नाव घे, नुसतं बोलावू नकोस, खेळणं हातात दे, थांब, नाही म्हणाला तर थोड्या वेळाने परत विचार. एवढंच. फिलिप स्ट्रेन यांच्यासारखे संशोधक सत्तरच्या दशकापासून या पद्धतीवर काम करत आलेत. शिवाय बंद खोलीत थेरपिस्टबरोबर कमावलेलं कौशल्य बरेचदा त्या खोलीतच राहतं. सोबत्याबरोबर शिकलेलं मैदानावर वापरायला मिळतं. (‘आमच्या मुलांचा अभ्यास बुडेल’ म्हणणारे पालक असतातच. वाट बघायला शिकणं हाही अभ्यासच आहे.)

आय कॉन्टॅक्टबद्दल एकच सांगते: हनुवटी धरून मान वळवणं बंद करा. डोळ्यांत बघितलं की ऐकू येणारं डोक्यात शिरत नाही, असं कितीतरी ऑटिस्टिक माणसं मोठेपणी सांगतात.

आणि ‘नाही’ म्हणता येणं हेसुद्धा सामाजिक कौशल्यच आहे. डाउन सिंड्रोम असलेलं एखादं मूल दिसेल त्याला मिठी मारतं आणि सगळे ‘किती गोड’ म्हणतात. तेच मूल पंधरा वर्षांचं झाल्यावर काय? कुणाला मिठी, कुणाला लांबून हात, आणि आपल्याला नको असेल तेव्हा हात आडवा धरून ‘नको’, हे तिसऱ्या-चौथ्या वर्षापासूनच शिकवायला हवं. सांगितलेलं निमूट ऐकण्याचीच सवय लावलेल्या मुलाचा गैरफायदा घेणं सोपं असतं. तेव्हा उद्या तुमच्या मुलाने पाहुण्यांना पापी द्यायला नकार दिला, तर त्याच्यावर डोळे वटारू नका. पाहुण्यांना सांगा, त्याला नकोय.