शोभराजची 'मोहिनी' निघाली गोळ्यांची

सत्तरच्या दशकात आशियात परदेशी पर्यटकांना लुटणाऱ्या, मारणाऱ्या चार्ल्स शोभराजवरचा एक मजकूर या आठवड्यात आमच्या कुटुंबाच्या ग्रुपवर तिसऱ्यांदा आला. सार एवढंच: नुसत्या बोलण्यानं माणसं खिशात घालणारा, कुठल्याही तुरुंगाला न जुमानणारा, आणि ज्याच्यावर एकही खून कधी सिद्ध झाला नाही असा बुद्धीचा राक्षस. खाली टाळ्यांच्या इमोजींची रांग.

खून सिद्ध झाला नाही, हे धडधडीत खोटं. डिसेंबर १९७५ मध्ये काठमांडूजवळ एका अमेरिकन तरुणीचा खून झाला. त्यासाठी नेपाळमध्ये २००४ साली त्याला जन्मठेप झाली, २०१० मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं ती कायम केली. २०१४ मध्ये एका कॅनेडियन तरुणाच्या खुनातही तो दोषी ठरला. थायलंडमधल्या खुनांचा खटला उभाच राहिला नाही हे खरं, पण खटला न होणं म्हणजे निर्दोष सुटणं नव्हे.

आता ती मोहिनी. बँकॉकच्या कनिट हाउसमधल्या फ्लॅटवर तो रत्नांचा व्यापारी म्हणून पाहुण्यांची सरबराई करायचा. पाहुणे आजारी पडायचे, उठता येईना, आणि शुश्रूषा करायला हाच! आजारही त्यानंच दिलेला असायचा, पेयातून नाहीतर औषध म्हणून. पासपोर्ट आणि ट्रॅव्हलर्स चेक तोवर त्याच्या ताब्यात. हाँगकाँगमध्ये ओळख झालेलं एक डच जोडपं असंच त्याच्याकडे उतरलं. पुढे त्यांचे जळालेले मृतदेह सापडले, तेही आधी ऑस्ट्रेलियन समजले गेले. हर्मन क्निपेनबर्ग या डच दूतावासातल्या अधिकाऱ्यानं चिकाटीनं माग काढला नसता, तर ते तसेच राहिले असते. तोवर त्यांच्याच पासपोर्टवर शोभराज नेपाळला जाऊनही आला होता. गोड बोलणं होतंच, नाही कोण म्हणतं? पण काम करायची ती गोळी.

आणि गोळीचा अंदाज चुकला की मोहिनीही संपायची. जुलै १९७६, दिल्लीचं विक्रम हॉटेल. फ्रेंच विद्यार्थ्यांच्या गटाला यानं जुलाबावरचं औषध म्हणून गोळ्या वाटल्या. गुंगी अपेक्षेआधीच चढली, मुलं तिथंच कोसळू लागली. जी शुद्धीवर होती त्यांनीच त्याला धरला.

तुरुंगांबद्दल. तो पळाला, एकदा तर अपेंडिक्सचं सोंग करून. १६ मार्च १९८६ ला तिहारमध्ये वाढदिवस म्हणून गुंगीची मिठाई वाटली आणि निसटला. वाढदिवस खोटा होता. खरा आला ६ एप्रिलला, आणि नेमका त्याच दिवशी गोव्यात पर्वरीच्या 'ओ कोकेरो' हॉटेलात मुंबई पोलिसांच्या मधुकर झेंडे यांनी त्याला उचलला. झेंड्यांनी १९७१ मध्येही मुंबईत त्याला पकडलं होतं, त्यामुळे चेहरा ओळखीचा. गंमत अशी की त्या हॉटेलात पुढे पुतळा बसला तो शोभराजचा. एकूण हिशेब केला तर १९७६ नंतर तो जवळजवळ चाळीस वर्षं आतच होता.

एक गोष्ट मान्य. तिहारमधून पळून भारतातली शिक्षा वाढवून घ्यायची आणि थायलंडच्या वॉरंटची वीस वर्षांची मुदत संपू द्यायची, हा डाव होता असं म्हणतात, आणि तारखा जुळतात. फेब्रुवारी १९९७ ला सुटला तेव्हा बँकॉकची भीती उरली नव्हती.

फक्त नेपाळचा खटला बाकी होता. २००३ मध्ये हा बुद्धीचा राक्षस स्वतःच्या पायांनी काठमांडूला गेला, एका पत्रकाराच्या नजरेस पडला आणि कॅसिनोत पोलिसांच्या हाती लागला.