खुलासा : व्हायझर लावल्याने उभी गाडी गार राहत नाही

“दारांना व्हायझर लावा, काचा दोन बोटं उघड्या ठेवा, उन्हातली गाडीही गार, लेकरं आत बसली तरी चालते” असा मेसेज गावोगावच्या ग्रुपवर फिरत आहे. तो चुकीचा आहे. शेवटचा भाग तर जीवघेणा.

व्हायझर म्हणजे दाराच्या काचेच्या वरच्या कडेला लावायची प्लास्टिकची पट्टी. तिचा उपयोग गाडी चालू असताना. पावसातही काच थोडी खाली ठेवता येते, वाऱ्याचा झोत कमी लागतो. उभ्या गाडीत मात्र ऊन मोठ्या काचांतून शिरतं, सीट-डॅशबोर्ड तापतात आणि दोन बोटांच्या फटीतून ती उष्णता पुरेशी निघत नाही. अकोला-चंद्रपूरकडे पारा ४५ अंशांवर असताना लेकराला पाच मिनिटंही आत ठेवू नका.

व्हायझर बसवायचेच तर सकाळी, सावलीत; तापलेल्या पत्र्यावर त्याची चिकट टेप नीट धरत नाही. पांदणीची धूळ शाम्पूने धुवा, कोरडं करून आयसोप्रोपिल अल्कोहोलने (तेलकटपणा काढणाऱ्या स्पिरिटने) पुसा. टेपचा कागद न काढता आधी माप बघा. चिकटवल्यावर टोकापासून टोकापर्यंत दाबत जा, २४ तास गाडी धुऊ नका. काचेच्या खाचेत बसणारा प्रकार जाड निघाला तर काच अडते. बटण एकदा दाबल्यावर आपोआप चढणारी (ऑटो) काच तर वर जाऊन परत खाली येते.

जुना मेसेज पुढे पाठवू नका. जिथे टाकला असेल, तिथेच हा खुलासा टाका.